वाचकांचे प्रश्न : डीएनए आणि आरएनए घडवणारी विकरे

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पॉलिमरेज या एकाच विकरकुलाविषयी (विकर म्हणजे एन्झाइम) आहेत, म्हणून त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रयोगशाळेत वापरले जाणारे प्रत्येक पॉलिमरेज कोणत्या ना कोणत्या जीवाणूकडून, विषाणूकडून किंवा प्राण्याच्या पेशीकडून उसने घेतलेले असते आणि मूळ ठिकाणी त्याला जे काम होते त्या कामाच्या सवयी ते परीक्षानळीतही सोडत नाही. आमच्या मते या विकरांचे बहुतेक उपयोग आणि बहुतेक अडचणी या एकाच गोष्टीतून उलगडतात.

प्रश्न : डीएनए पॉलिमरेजला सुरुवातीसाठी प्रायमर लागतो, आरएनए पॉलिमरेजला लागत नाही, असे आमच्या पुस्तकात एका ओळीत दिले आहे. असा भेद का असावा? (बारावीची विद्यार्थिनी, सोलापूर)

दोन्ही विकरे डीएनएचा एक धागा साचा म्हणून वापरतात, त्याला पूरक असा नवा धागा पाच-प्राइम टोकाकडून तीन-प्राइम टोकाकडे वाढवत नेतात आणि प्रत्येक नवे अक्षर (न्यूक्लिओटाइड) जोडताना मॅग्नेशियमच्या दोन आयनांचा आधार घेतात. भेद आहे तो सुरुवातीत. सुईवर आधी टाके घातल्याशिवाय विणकाम पुढे जात नाही, तसे डीएनए पॉलिमरेजला आधीच साच्यावर बसलेल्या एखाद्या छोट्या तुकड्याचे मोकळे टोक लागते. पेशीत हा तुकडा प्रायमेज नावाचे दुसरे विकर आरएनएचा बनवते आणि काम झाल्यावर तो काढून टाकला जातो.

याचे कारण अचूकतेत शोधावे लागते. नवे अक्षर जोडण्यापूर्वी डीएनए पॉलिमरेज मागची जोडी साच्याशी नीट जुळली आहे की नाही याची एका अर्थाने चाचपणी करते. जोडी चुकलेली असेल तर पुढची वाढ अडखळते, धाग्याचे टोक त्याच विकराच्या दुसऱ्या कप्प्यात सरकते आणि तिथे चुकीचे अक्षर कापले जाते. ज्या विकराची सारी शिस्त मागच्या जोडीवर अवलंबून आहे, त्याला मागे काहीच नसताना आरंभ करता येणार नाही हे ओघानेच आले. केवळ योग्य अक्षर निवडण्याच्या पायरीवर साधारणपणे एक लाख अक्षरांमागे एक चूक राहते. या तपासणीमुळे ती सुमारे शंभर पटींनी कमी होते आणि नंतर पेशीतील दुरुस्ती यंत्रणा ती आणखी कमी करून शंभर कोटी अक्षरांमागे एका चुकीच्या आसपास आणून ठेवते. आरएनए पॉलिमरेजला एवढी काटेकोर शिस्त पाळावी लागत नाही, कारण जीवाणूतील संदेशवाहक आरएनए बहुधा काही मिनिटांतच नष्ट होतो आणि त्यातली चूक पुढच्या पिढीत जात नाही. ते डीएनएवरील प्रमोटर नावाची खूण ओळखते, तिथला दुहेरी पीळ स्वतःच उघडते आणि शून्यातून लिहू लागते.

प्रयोगशाळेत मात्र प्रायमरची ही अट अडचण न ठरता सोय ठरली. प्रायमर जिथे बसेल तिथूनच नक्कल सुरू होणार असेल, तर कोणत्या भागाची नक्कल हवी हे आपण ठरवू शकतो. वीस अक्षरांचे वेगवेगळे क्रम सुमारे १ लाख १० हजार कोटी होऊ शकतात आणि मानवी जनुकसंचाच्या एका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यामुळे नीट निवडलेला वीस अक्षरी प्रायमर भलत्याच ठिकाणी तंतोतंत बसण्याची शक्यता कमी राहते.

प्रश्न : आर्थर कोर्नबर्ग यांना ज्या विकरासाठी नोबेल मिळाले ते डीएनएची नक्कल करणारे मुख्य विकर नव्हतेच, असे नुकतेच वाचनात आले. मग ते पारितोषिक चुकून दिले गेले असे म्हणावे काय? (निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक)

आपण वाचले ते खरे आहे आणि प्रश्न थोडा विस्ताराने घेण्याजोगा आहे. कोर्नबर्ग यांनी १९५६ च्या सुमारास अमेरिकेतील सेंट लुईस येथे ई. कोलाय या जीवाणूच्या अर्कातून परीक्षानळीत डीएनए जोडणारे विकर वेगळे केले. त्या संशोधनाचे लेख १९५७ मध्ये संबंधित नियतकालिकाने प्रथम नाकारले, ते १९५८ मध्ये छापून आले आणि पुढच्याच वर्षी नोबेल जाहीर झाले. त्या काळी हेच विकर जीवाणूच्या संपूर्ण जनुकसंचाची नक्कल करते असा समज होणे स्वाभाविक होते.

शंकेला जागा मात्र गणितातच होती. ई. कोलायचा जनुकसंच सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांचा आहे आणि त्याची नक्कल एका आरंभबिंदूपासून दोन्ही दिशांना होत सुमारे ४० मिनिटांत पुरी होते, म्हणजे प्रत्येक दिशेला सेकंदाला हजाराच्या आसपास अक्षरे जोडली गेली पाहिजेत. कोर्नबर्ग यांचे विकर, ज्याला आज पॉलिमरेज-एक म्हणतात, सेकंदाला जेमतेम दहा-वीस अक्षरे जोडते. या वेगाने तेच काम करायला दिवसाहून अधिक वेळ लागला असता. १९६९ मध्ये पॉला डी ल्युशिया आणि जॉन केर्न्स यांनी हजारो उत्परिवर्तित वसाहती तपासून असा जीवाणू शोधला, ज्यात या विकराची क्रिया जवळजवळ नव्हतीच. तरीही तो नेहमीच्या गतीने वाढत होता. फक्त अतिनील किरणांपुढे तो दुबळा ठरत होता. याचा अर्थ नक्कल करणारे विकर दुसरेच होते आणि पॉलिमरेज-एकचा संबंध मुख्यत्वे दुरुस्तीशी होता. खरे नक्कलकार विकर, पॉलिमरेज-तीन, लवकरच सापडले आणि ते शोधणाऱ्यांत कोर्नबर्ग यांचेच चिरंजीव थॉमस होते, जे तोवर चेलोवादनाचे शिक्षण घेत होते. दुसरे चिरंजीव रॉजर यांना आरएनए पॉलिमरेजच्या रचनेवरील कामासाठी २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एकाच विकरकुलावर एका घराण्याने इतकी वर्षे खर्च केल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

त्याच १९५९ च्या पारितोषिकातील दुसरे मानकरी सेव्हेरो ओचोआ यांची गोष्ट तर याहून गमतीची आहे. मारियान ग्रुनबर्ग-मानागो यांच्यासह त्यांनी १९५५ मध्ये जाहीर केलेले विकर आरएनए घडवते असे मानले गेले; प्रत्यक्षात पेशीत ते प्रामुख्याने आरएनए मोडण्याचे काम करते. पण त्याला साचा लागत नाही, म्हणून हव्या त्या अक्षराची सलग माळ त्याच्याकडून करून घेता येते. त्याच्याच साहाय्याने घडवलेल्या, केवळ ‘यू’ या अक्षराच्या आरएनएवरून निरेनबर्ग आणि मथाई यांनी १९६१ मध्ये जनुकीय संकेताचा पहिला शब्द वाचला. पुढे हरगोविंद खुराना यांनी रसायनाने जोडलेले डीएनएचे लहान तुकडे पॉलिमरेज-एककडून लांबवून घेतले, त्यांवरून आरएनए पॉलिमरेजने आरएनए तयार करवला आणि संकेताचे उरलेले बरेच शब्द उलगडले.

तेव्हा पारितोषिक चुकले असे आम्ही म्हणणार नाही. फार तर विकरांना दिलेली कामे चुकली होती. साचा पाहून डीएनए घडवणे परीक्षानळीत शक्य आहे, हे कोर्नबर्ग यांच्या विकराने सिद्ध केले आणि दुरुस्तीसाठी लागणारे त्याचे गुण प्रयोगशाळेला नक्कलकार विकराच्या वेगापेक्षा अधिक उपयोगी पडले. पॉलिमरेज-तीन हे अनेक उपघटकांचे अवजड यंत्र आहे. पॉलिमरेज-एक हे एकच प्रथिन. हान्स क्लेनो यांनी १९७० मध्ये एका प्रथिनभेदक विकराने त्याचे दोन तुकडे केले, तेव्हा पुढचा धागा कुरतडणारा भाग वेगळा झाला आणि राहिलेला मोठा तुकडा, म्हणजेच क्लेनो तुकडा, धागा जोडण्याचे आणि तपासण्याचे काम करतच राहिला. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये जाहीर केलेली डीएनए वाचण्याची पद्धत याच तुकड्यावर चालली. पीसीआरचे, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या आवर्तनांनी असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राचे, सुरुवातीचे प्रयोगही याच तुकड्याने झाले.

प्रश्न : आम्ही हजार अक्षरांच्या एका जनुकाचे पीसीआर टॅक पॉलिमरेजने केले. क्लोनचे (जीवाणूत वाढवलेल्या एकेका प्रतीचे) वाचन केल्यावर काहींत चुका आढळल्या, म्हणून पीएफयू पॉलिमरेज आणले. पट्टा स्वच्छ आला, पण आता तो टी-वेक्टरमध्ये (टोकांना ‘टी’ अक्षर मोकळे असलेल्या वाहक डीएनएमध्ये) जोडलाच जात नाही. कुठे बिघडले असावे? (पदव्युत्तर विद्यार्थी, कोल्हापूर)

बिघडले काहीच नाही. दोन्ही विकरे आपापल्या स्वभावानुसार वागली आहेत.

टॅक हे थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जीवाणूचे पॉलिमरेज-एक आहे. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतील या जीवाणूचे वर्णन १९६९ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९७६ मध्ये अ‍ॅलिस चिएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पॉलिमरेज शुद्ध केले. पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली तेव्हा मात्र त्याचा उपयोग कोणाच्या ध्यानात आला नव्हता. दर आवर्तनात धागे सोडवण्यासाठी ९४-९५ अंश सेल्सिअस तापमान द्यावे लागे, त्यात क्लेनो तुकडा निकामी होई आणि दर वेळी नळी उघडून ताजे विकर घालावे लागे. १९८८ मध्ये टॅकच्या वापराचा लेख प्रसिद्ध झाल्यावर हे काम यंत्राच्या स्वाधीन करता आले.

टॅकच्या रचनेत तपासणीच्या कप्प्याचे अवशेष दिसतात, पण ते कार्यक्षम नाहीत. ढोबळ हिशेब करायचा तर, दर दुपटीला एक लाख अक्षरांमागे एक चूक धरली आणि आपल्या प्रयोगात सुमारे वीस वेळा खरी दुप्पट झाली असे मानले, तर हजार अक्षरांच्या प्रत्येक रेणूत सरासरी ०.२ चुका येतात. म्हणजे साधारण पाच-सहा क्लोनांपैकी एकात दोष सापडणे अपेक्षितच आहे. चुकांचे नेमके प्रमाण द्रावणावर आणि मापनपद्धतीवर बदलते. मॅग्नेशियम वाजवीपेक्षा जास्त झाले किंवा चार न्यूक्लिओटाइडांचे प्रमाण असमान झाले की ते वाढते. पीएफयू हे पायरोकॉकस फ्युरिओसस या, १०० अंशांच्या आसपास सुखाने वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाचे विकर असून त्याचा तपासणीचा कप्पा कार्यक्षम आहे, त्यामुळे त्याच्या चुका टॅकच्या तुलनेत कितीतरी कमी असतात.

आता टी-वेक्टरकडे येऊ. टॅक नक्कल संपल्यावर साच्यात नसलेले एक ‘ए’ अक्षर धाग्याच्या टोकाला स्वतःहून जोडते आणि टी-वेक्टरची टोके नेमकी या सवयीवर बेतलेली आहेत. पीएफयू असे अक्षर जोडत नाही. उलट जोडलेले आढळल्यास कापून टाकते, म्हणून आपला तुकडा बोथट टोकांचा आहे. यावर दोन मार्ग आहेत. बोथट टोके स्वीकारणारा वेक्टर वापरावा, हा सरळ मार्ग. टी-वेक्टरच वापरायचा असेल तर तुकडा स्तंभावर शुद्ध करून घ्यावा आणि मग टॅक व फक्त डी-एटीपी घालून ७२ अंशांवर दहा ते वीस मिनिटे ठेवावा. शुद्धीकरणाची पायरी वगळू नये, कारण उरलेले पीएफयू बसवलेले ‘ए’ पुन्हा कापत राहते आणि मग दोष वेक्टरला लागतो. पीएफयूच्या याच कापण्याच्या सवयीमुळे न्यूक्लिओटाइडे नसताना ते प्रायमरही कुरतडते, म्हणून मिश्रण करताना ते शेवटी घालावे. ते संथही आहे. हजार अक्षरांना टॅकला एक मिनिट दिले जाते तिथे याला दोन मिनिटे द्यावीत.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. अचूक विकर आले म्हणून टॅकला दुय्यम समजण्याची पद्धत पडली आहे, ती बरोबर नाही. पट्टा आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तर टॅक पुरेसे आहे, आणि निदानाच्या चाचण्यांत तर त्याच्या एका गुणाला पर्याय मिळणे कठीण आहे. तो गुण पुढच्या उत्तरात येतो.

प्रश्न : आमच्याकडे क्षयरोगाच्या बेडक्याची तपासणी ट्रूनॅट यंत्रावर होते. जंतू वाढवून पाहिल्याशिवाय त्याला रिफॅम्पिसिन लागू पडेल की नाही हे यंत्राला कसे कळते? आणि ‘इनव्हॅलिड’ असा निकाल आला तर रुग्णाला काय सांगावे? (आरोग्य कर्मचारी, नंदुरबार)

आपल्या प्रश्नात दोन पॉलिमरेज आहेत. पहिले जंतूचे आरएनए पॉलिमरेज. रिफॅम्पिसिन त्याच्या बीटा उपघटकाला अशा जागी चिकटते की नव्या आरएनएची दोन-तीन अक्षरे जोडली जाताच पुढची वाट बंद होते. जंतूला प्रथिने बनवण्यासाठी संदेशच मिळत नाही आणि तो मरतो. आपल्या पेशींतील आरएनए पॉलिमरेजमध्ये ती जागा तशी नसल्यामुळे औषध रुग्णाला सोसते. जंतूच्या या उपघटकाचे जनुक आरपीओबी या नावाने ओळखले जाते आणि रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयजंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत बदल त्या जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात आढळतो. तेवढा पट्टा तपासला की औषधाविषयीचे उत्तर बहुतेक वेळा मिळते. घन माध्यमावर जंतू वाढवायचा तर सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

दुसरे पॉलिमरेज चाचणीच्या संचात वाळवून ठेवलेले असते आणि ते त्या पट्ट्याच्या असंख्य प्रती काढते. अशा चाचण्यांत प्रायमरांच्या मध्ये बसणारा एक प्रोब (डीएनएचा छोटा तुकडा) घातलेला असतो, ज्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा रेणू असतो. टॅक पुढे सरकताना वाटेत आलेला धागा कुरतडते. दुरुस्तीच्या कामातून आलेली ही पॉलिमरेज-एकची जुनी सवय आहे, क्लेनो तुकड्यात जी उरली नव्हती. प्रोब कुरतडला गेला की चमक मोकळी होते आणि यंत्र ती मोजते. प्रोब बसलाच नाही, तर त्या जागी अक्षर बदललेले असल्याचा संशय येतो. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालणारे असल्याने वीज आणि वातानुकूलन यांची खात्री नसलेल्या केंद्रांतही ते वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली.

‘इनव्हॅलिड’ म्हणजे रोग नाही असे नव्हे, आणि आहे असेही नव्हे. प्रत्येक तपासणीत एक अंतर्गत नियंत्रण, म्हणजे ज्याची नक्कल व्हायलाच हवी असा ठरलेला डीएनए, असते. तेही चमकले नाही तर त्या नळीत पॉलिमरेजचे काम झाले नाही, एवढाच निष्कर्ष निघतो. बेडक्यात रक्त असेल तर त्यातील हीम हे रंगद्रव्य या विकराला रोखू शकते, किंवा डीएनए वेगळे करण्याची पायरी अपुरी राहिलेली असू शकते. रुग्णाला नमुना पुन्हा द्यावा लागेल असे सांगावे, घाबरवू नये. रिफॅम्पिसिनच्या चिपवर ‘इनडिटरमिनेट’ आल्यास जंतू फारच थोडे असण्याची शक्यता असते. आणखी एक गोष्ट, जी नातेवाईक हमखास विचारतात : उपचार लागू पडतो आहे का हे पाहण्यासाठी ही तपासणी वापरत नाहीत, कारण पॉलिमरेज मेलेल्या जंतूच्या डीएनएचीही तितक्याच निष्ठेने नक्कल करते.

प्रश्न : एमआरएनए (संदेशवाहक आरएनए) लस बनवताना जीवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूचा उपयोग करतात असे ऐकले. लसीत तो विषाणू असतो का? (गृहिणी, डोंबिवली)

नाही. वापरले जाते ते टी-७ या जीवाणुभक्षक विषाणूचे आरएनए पॉलिमरेज हे एकच प्रथिन आणि लस शुद्ध करताना तेही काढले जाते. जीवाणूचे स्वतःचे आरएनए पॉलिमरेज अनेक उपघटकांचे असते; टी-७ चे मात्र ८८३ अमिनो आम्लांची एकच साखळी आहे, ते फक्त आपलाच प्रमोटर ओळखते आणि वेगाने लिहिते. विषाणूला थोड्या वेळात जीवाणूचा ताबा घ्यायचा असतो, त्यासाठी हे गुण त्याच्या सोयीचे आहेत. कारखान्यात त्या प्रमोटरपुढे हवे ते जनुक ठेवले की तेवढ्याचाच आरएनए तयार होतो, आणि नंतर डीएनएचा साचा दुसऱ्या विकराने नष्ट केला जातो. या विकराचा एक उपद्रवही आहे : ते थोडा दुहेरी धाग्याचा आरएनएही तयार करते, शरीर त्याला विषाणूचे लक्षण समजते आणि दाह वाढतो, म्हणून शुद्धीकरणावर बराच खर्च होतो. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल मिळाले ते आरएनएमधील यूरिडिनसारखी अक्षरे बदलून हा दाह टाळण्याच्या कामासाठी; टी-७ पॉलिमरेज अशी बदललेली अक्षरे तक्रार न करता जोडते, हे सर्वांच्या सुदैवाचे.

पुण्यातील जेनोव्हा कंपनीच्या जेमकोव्हॅक-१९ या लसीला जून २०२२ मध्ये भारतात आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. स्वतःच्या प्रती काढणाऱ्या आरएनएच्या प्रकारात ती मोडते. त्या आरएनएमध्ये लशीच्या प्रथिनाबरोबरच आरएनएवरून आरएनए लिहिणाऱ्या पॉलिमरेजचीही कृती दिलेली असते, त्यामुळे पेशीत काही काळ त्याच्या आणखी प्रती तयार होतात आणि थोडी मात्रा पुरू शकते.

प्रश्न : साचा मुळीच न लागणारे डीएनए पॉलिमरेज असते का? असल्यास त्याचा उपयोग काय? (अभियंता, पुणे)

असते. टर्मिनल ट्रान्सफरेज, संक्षेपाने टीडीटी, धाग्याच्या तीन-प्राइम टोकाला साच्याशिवाय अक्षरे जोडत जाते. अस्थिमज्जा आणि थायमस यांतील कोवळ्या लसीकापेशींत ते असते आणि प्रतिपिंडांच्या जनुकांचे तुकडे जोडले जाताना सांध्यांत मनमानी अक्षरे भरून प्रतिपिंडांची विविधता वाढवते. तीव्र लसीकापेशी रक्तकर्काच्या अहवालात ‘टीडीटी पॉझिटिव्ह’ हा शेरा त्याचाच असतो, कारण या विकराची उपस्थिती पेशी अपरिपक्व असल्याचे सांगते.

आपल्यासारख्यांना रस वाटेल असा त्याचा उपयोग डीएनए नव्याने लिहिण्यात आहे. रासायनिक पद्धतीने दोनशेच्या आसपास अक्षरांपलीकडे सलग धागा लिहिणे अवघड होते, शिवाय त्यात घातक द्रावके लागतात. टीडीटी पाण्यात काम करते. एका वेळी एकच अक्षर जोडले जावे म्हणून अक्षराच्या टोकाला एक काढता येणारा अडसर लावतात, तो काढून पुढचे अक्षर देतात आणि हे चक्र पुन्हा पुन्हा चालवतात. मूळ विकराला असे अडसर लावलेले अक्षर आपल्या कप्प्यात नीट बसवता येत नाही, म्हणून त्याच्या रचनेत फेरफार करून घ्यावे लागतात, आणि या क्षेत्रातील कंपन्यांची सध्याची बरीच मेहनत तिथेच खर्च होत आहे.